माळ्यावरचं भांडण

एक माणूस शिडी चढतो. वर जाऊन बायकोच्या आवाजात स्वतःच्या बहिणीला नावं ठेवतो. मग शिडी उतरतो, खाली उभा राहून त्याच बहिणीची बाजू घेतो, आणि पुन्हा शिडी चढतो. असा अख्खा दिवस काढणाऱ्या माणसाला गाव काय म्हणत असेल, हे वेगळं सांगायला नको. मी त्याच माणसाच्या घरात भाड्यानं राहत होते, त्यामुळे बायका मला काळजीनं विचारायच्या, "बाई, कडी लावून झोपता ना?"

बोरीला माझी बदली झाली तेव्हा मी खोली शोधत त्या घरी गेले होते. घरमालकांनी मला माझं गाव विचारलं नाही, नवरा काय करतो ते विचारलं नाही, मटण खाता का हेही विचारलं नाही. एवढ्या तिन्ही गोष्टी न विचारणारा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही भेटलेला नाही. ओट्यावर बसून ते सुपारी कातरत होते. मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुमचा आवाज केवढा हाय?"

मी म्हटलं, "चौथीचा वर्ग आहे माझ्याकडे."

"मग ऱ्हावा," ते म्हणाले.

सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणू लागले. हळू बोलणाऱ्या माणसावर नानांचा काडीचा भरवसा नव्हता. "हळू बोलायलाय म्हंजी कायतरी दडवायलाय," हे त्यांचं मत. तलाठी हळू बोलतो, वकील हळू बोलतो, पोरीचं स्थळ घेऊन येणारा मध्यस्थ तर कानातच बोलतो, असे पुरावेही त्यांच्याकडे तयार असत. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कुणी काही दडवत नव्हतं. नाना आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, जेवायला हातभर अंतरावर बसायचे, आणि "मीठ दे" हे वाक्य माझ्या बंद दारातून आत यायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, दोघांचं भयंकर फाटलंय. मी भांडण सोडवायला म्हणून धावत बाहेर आले, तर दोघं शांतपणे पिठलं-भाकरी खात होती.

"भांडण न्हाई ओ बाई," काकू हसून म्हणाल्या, "रानातली सवय हाय. मी माळ्यावर, हे खाली. जलम गेला असंच बोलण्यात. आता हळू बोलायचं म्हटलं तर शब्दच येत न्हाईत."

त्यांचं रान माझ्या शाळेच्या अगदी मागे होतं. चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून केलेला माळा, त्याला टेकवलेली बांबूची शिडी, आणि भोवती ज्वारी. आता आमच्या भागात ज्वारी लावतो कोण? शिवारभर सोयाबीन, कापूस, नाहीतर हरभरा. ज्वारी नानांची एकट्याची. साहजिकच तालुक्यातल्या झाडून सगळ्या पाखरांना जेवायला दुसरं घर नव्हतं. कणसं भरायला लागली की सकाळपासून रांग लागायची. काकू पदर खोचून माळ्यावर उभ्या राहायच्या, गोफण फिरवायच्या, आणि तोंड सोडायच्या.

नुसतं हाकलणं काकूंना पसंत नव्हतं. त्यांनी सगळी पाखरं सासरच्या नात्यांत वाटून टाकली होती. साळुंक्या म्हणजे जावा, कारण खाताखाता एकमेकींच्या चुगल्या करतात. होला म्हणजे सासूबाई, बारा महिने एकच गाऱ्हाणं घुमत बसणाऱ्या. थंडीत भोरड्यांचा थवाच्या थवा उतरायचा, ते दिराच्या लग्नातलं वऱ्हाड. कोण कुणाकडचं ते शेवटपर्यंत कळायचं नाही आणि पंगत मात्र उठवून जायचं. आणि पोपट म्हणजे नणंद. नानांची बहीण जिंतूरला दिलेली, म्हणून पोपट जिंतूरचे.

"आली बगा जिंतूरची!" काकू वरून पुकारायच्या. "लुगडं हिरवं, नाक लाल! अर्धं खाती, अर्धं टाकती, अन् जाताना म्हनती, वहिनीनं काय दिलंच न्हाई!"

लगेच खालून ज्वारीतून नानांचा आवाज उठायचा. "माह्या बहिणीचं नाव घ्यायचं काम न्हाई! तिच्या बापाचं रान हाय, खाईल न्हाईतर टाकील!"

"खाऊ द्या की! पन शिस्तीत खाऊ द्या!"

"शिस्त तुज्यापाशी ठिव!"

तोपर्यंत पोपट केव्हाच उडून गेलेले असायचे. भांडण पुढे अर्धा तास चालायचं. माझ्या वर्गाच्या खिडक्या त्या बाजूला होत्या. नात्यागोत्यांचा धडा मला त्या वर्षी शिकवावाच लागला नाही.

गंमत म्हणजे खरी नणंद, सगळ्यांची आत्या, घरी आली की काकू तिच्यासाठी पुरण घालायच्या, तिच्या पोळीवर तुपाची धार धरायच्या, आणि "वन्सं, अजून एक घ्या ना" असं इतक्या मऊ आवाजात म्हणायच्या की मला आतून नानांचीच आठवण व्हायची: हळू बोलतायत म्हणजे काहीतरी दडवतायत. आत्या पण बेरकी. पोळी मोडत म्हणायची, "वहिनी, औंदा पोपट लय हायत म्हनं रानात?" काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. दोघींना सगळं ठाऊक होतं.

मी एकदा काकूंना विचारलं, "सगळी सासरचीच पाखरं कशी हो? तुमच्या माहेरचं एकही नाही?"

काकू तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "माहेर कुठलं बाई? मी चालायला लागायच्या आधीच आई-बाप दोघं गेले. चुलत्यानं वाढवलं, लगीन करून दिलं, अन् पुन्हा कदी दारात आला न्हाई. पंचमीला न्यायला कोन येनार? मग रानात जाऊन बसायची मी. तितं रोज कोनतरी यायचंच. म्हून नावं दिली." मग त्यांनी एक खडा काढून अंगणात फेकला आणि शेजारच्या कोंबडीवर मोठ्यानं खेकसल्या.

पुढच्या वर्षी कार्तिकात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. ज्वारी तेव्हा गुडघ्याएवढी होती.

नाना रडले नाहीत. गावाला हे आवडलं नाही. भेटायला आलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे गळा काढला, नाना त्यांना म्हणाले, "चहा घेऊन जावा." पुण्याहून आलेला मुलगा, सून, सगळे रडले. आत्या तर ओसरीवर अंग टाकूनच बसली. नाना मात्र सुपारी कातरत राहिले. घरात सगळे हळू बोलत होते, आणि मला वाटतं, त्यांना तेवढंच सहन होत नव्हतं. एकदा ते सुनेवर एकदम ओरडले, "मोठ्यानं बोल की! मयत मी हाय का?"

मुलानं त्यांना पुण्याला चला म्हणून फार गळ घातली. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा चांगला होता, सून चांगली होती, फ्लॅटला लिफ्ट होती. नाना म्हणाले, "ज्वारी उभी हाय. निघू दे, मग बगू."

आणि मग कणसं भरली, पाखरं आली, आणि नाना माळ्यावर चढले.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून आवाज आला, "आली बगा जिंतूरची! लुगडं हिरवं, नाक लाल!" माझ्या हातातला खडू थांबला. आवाज नानांचाच होता, पण हेल काकूंचा. मग सगळं शांत झालं. काकूंचं वाक्य संपल्यावर नानांचं वाक्य यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला. अजून थोडा गेला. मी खिडकीशी गेले. नाना हळूहळू शिडी उतरत होते. उतरले, ज्वारीत दहा पावलं आत गेले, माळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तारस्वरात म्हणाले, "माह्या बहिणीचं नाव घ्यायचं काम न्हाई! तिच्या बापाचं रान हाय!" मग धोतर सावरत परत आले आणि "खाऊ द्या की! पन शिस्तीत!" म्हणायला शिडी चढू लागले.

मी मुलांना म्हटलं, तिकडे लक्ष देऊ नका. मुलांनी दिलं नाही. मीच दिवसभर देत होते.

महिनाभर हे चाललं. गावानं आपापले निष्कर्ष काढले. कुणी म्हणे भ्रम झाला, कुणी म्हणे काकूंचं वारं अंगात येतं, कुणी म्हणे म्हातारा पहिल्यापासूनच तसला. नानांची तब्येत मात्र सुधारली होती. संध्याकाळी भाकरी दोन खायचे. वरून मला ओसरीवर बसवून दिवसभराची हकिगत सांगायचे: आज जावा लय भांडल्या, सासूबाईंचा घसा बसलाय, वऱ्हाड अजून आलं न्हाई पण येतंय, पिंगळीकडच्या पाहुण्यानं तिकडच्या हरभऱ्यात उतरलेलं बघितलंय. मी विचारायची, "मग ज्वारी उरणार का काही?" ते म्हणायचे, "बगू की."

गोफण ते रोज फिरवायचे. डोक्यावरून गरगर फिरवून, एक टोक सोडून असा सणसणीत आवाज काढायचे की माझ्या वर्गातली पेंगणारी मुलं जागी व्हायची. एका रविवारी मी त्यांचं जेवण घेऊन माळ्यापाशी गेले, तेव्हा जवळून बघितलं. गोफणीत दगड नव्हताच.

"नाना, दगड?"

"खांदा दुखायलाय," ते म्हणाले, "दगड पेलवत न्हाई."

मग त्याच खांद्यावर पाण्याची घागर घेऊन ते शिडी चढले.

मुलाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. त्याला कुणीतरी मोबाइलवर नानांचा शिडी चढतानाचा व्हिडिओ पाठवला होता. ह्या वयात, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि बांबूची शिडी. पडले तर काय? त्याचं खोटं नव्हतं. जानेवारीच्या सुरुवातीला तो रजा काढून आला, नानांना परभणीला नेऊन मोतीबिंदू काढून आणला, काळा चष्मा घातला आणि घरात बसवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: धूळ नको, वाकणं नको, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

नाना घरात बसले आणि मुलगा रानात गेला. त्यानं पुण्याहून येतानाच सगळं सामान आणलं होतं. एका बाजूनं लाल आणि एका बाजूनं चंदेरी अशा चकचकीत फिती, वाऱ्यावर नुसत्या थरथरणाऱ्या आणि भुणभुणणाऱ्या. त्या त्यानं साऱ्या ज्वारीवरून ताणून बांधल्या. मधोमध उन्हावर चालणारा एक भोंगा बसवला. त्यातून थोड्याथोड्या वेळानं ससाण्याची किंकाळी यायची, मग कुत्री भुंकायची, मग बंदुकीचा बार व्हायचा. पहिल्या बाराला आमचे हेडमास्तर टेबलाखाली गेले, ते कुणाला सांगू नका म्हणाले आहेत.

आणि खरंच, एक पाखरू उतरलं नाही. मुलाच्या चेहऱ्यावर किती आनंद होता! ते त्याचं आईसाठी काहीतरी करणं होतं, हे मला दिसत होतं. बाप वाचला, ज्वारी वाचली, आता पुण्याला न यायला कारणही उरलं नाही.

डॉक्टरांची मुदत संपल्यावर तो नानांना रान दाखवायला घेऊन गेला. मलाही बोलावलं. नाना काळा चष्मा लावून बांधावर उभे राहिले. कणसं अशी भरगच्च होती की काकूंच्या हयातीत कधी आली नसतील. दाणा न् दाणा शाबूत. भोंगा भुंकला, बार झाला, फिती चमकल्या.

"बघा नाना," मुलगा म्हणाला, "माणसाची गरजच नाही."

"व्हय की," नाना म्हणाले.

मग ते माळ्याखाली जाऊन बसले. मुलगा फोन घ्यायला बांधाकडे गेला. तेव्हा नाना बोलले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

"बाई, समद्यांनी मला इचारलं, कामून रडत न्हाई. कशाला रडू? पाखरं येत व्हती, मी तिचं बोलायचो, माझं बोलायचो, दिस जायचा. घरात न्हाई तर रानात हाय, असं वाटायचं." त्यांनी वर रिकाम्या आभाळाकडे बघितलं. "ती आता गेली बगा."

भोंग्यातला कुत्रा भुंकला.

मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. जाताना ज्वारी निघाली की न्यायला येतो, असं ठरवून गेला. त्यानंतरच्या घटना मी जशा घडल्या तशा सांगते. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. एके संध्याकाळी नाना काखेत मोठं भेंडोळं घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, "शाळा सजवायला लागत असतील ना?" त्या वर्षी आमच्या शाळेइतकी चकचकीत शाळा जिल्ह्यात नसेल. पाहुण्यांनी भाषणात सजावटीचं खास कौतुक केलं, आणि सबंध कार्यक्रमात शाळेच्या आवारात चिमणीसुद्धा फिरकली नाही. फिती वाऱ्यानं तुटल्या, असं नानांनी मुलाला फोनवर कळवलं. त्याच आठवड्यात भोंग्याची वायर उंदरानं कुरतडली. ती वायर मी पाहिली. त्या उंदराजवळ विळा असावा.

पण पाखरं काही लगेच येईनात. नाना रोज माळ्यावर चढून बसायचे, गप्प. आधी पाखरू, मग बोलणं, हा त्यांचा नियम होता. समोर कुणी नसताना नावं ठेवायची नाहीत. त्या दिवसांत ते एकच भाकरी खाऊ लागले. मला रोज सकाळी वर्गात शिरताना आधी मागच्या खिडकीतून आभाळ बघायची सवय लागली. एवढ्या आतुरतेनं मी कधी एसटीचीही वाट बघितली नव्हती.

पहिल्यांदा एक होला आला. नाना संध्याकाळी ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, "सासूबाई आल्यात!" मग जावा आल्या. आणि एका सकाळी भोरड्यांचं वऱ्हाड उतरलं, रान काळं-गुलाबी झालं, आणि शिडीवरची ये-जा पुन्हा सुरू झाली.

व्हिडिओही पुन्हा पुण्याला पोहोचला. मुलाला आता कळून चुकलं होतं की उंदीर कोण. त्यानं शेवटचा उपाय केला. नाना जगात एकाच माणसाचा शब्द मोडत नसत, ती त्यांची बहीण. मुलानं आत्याला जिंतूरला फोन केला. "आत्या, तूच सांग त्यांना. पडतील, हातपाय मोडतील. तुझं ऐकून माझ्याकडे येतील." आत्यानं शब्द दिला.

ती आली तेव्हा शाळा सुटत होती. पिशवी माझ्याकडे देत म्हणाली, "कुठं हाय दादा?" मी म्हटलं, रानात. मग तिच्या लुगड्याकडे माझं लक्ष गेलं. ते हिरवं होतं. मला धडकी भरली, कारण मागून नानांचा आवाज यायला सुरुवात झालीच होती. एका बहिणीनं स्वतःच्या कानांनी हे सगळं सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकावं, तेही त्याला समजूत घालायला आली असताना, हे मला काही बरं वाटेना. मी म्हटलं, "आत्या, आधी चहा घ्या." ती थांबली नाही. मी मागे धावले.

आम्ही ज्वारीत शिरलो. नाना माळ्यावर पाठमोरे उभे होते. डोक्यावरून पोपटांचा थवा टिवटिवाट करत आला आणि पलीकडच्या कणसांवर बसला. नानांनी रिकामी गोफण सणसणवली.

"आली बगा जिंतूरची! लुगडं हिरवं, नाक लाल! अर्धं खाती, अर्धं टाकती, अन् जाताना म्हनती, वहिनीनं काय दिलंच न्हाई!"

आत्या जागच्या जागी थांबली. वाक्य वहिनीचं होतं, शब्द न् शब्द. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पोपट उडाले. रान शांत झालं. नाना वळले, शिडीचा दांडा धरला आणि चाचपडत पहिल्या पायरीवर पाय ठेवायला लागले. काळ्या चष्म्यातून त्यांना पायरी नीट दिसत नव्हती. पाय हवेतच पायरी शोधत होता.

आत्यानं पदर खोचला.

"माझं नाव घ्यायचं काम न्हाई!" ती खालून ओरडली, अशी की पुन्हा उतरणारी पाखरं पुन्हा उडाली. "माझ्या बापाचं रान हाय! खाईन न्हाईतर टाकीन!"

नानांचा पाय तसाच राहिला. खाली कोण आहे ते त्यांनी वळून बघितलं नाही. पाय हळूच वर घेतला, माळ्यावर मांडी घालून बसले, आणि काळ्या चष्म्याखालून पाणी वाहू लागलं. डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्यांनी त्या दिवशी केलं. आत्या खाली कणसाला धरून उभी होती, तीही रडत होती. आणि मी त्या दोघांच्या मध्ये पिशवी घेऊन.

मग वरून आवाज आला. आधी फाटका, मग सरळ झाला.

"खाऊ द्या की! पन शिस्तीत खाऊ द्या!"

"शिस्त तुज्यापाशी ठिव!" आत्या म्हणाली. तिनं एक कणीस मोडलं, हातावर चोळलं, फुंकर मारली आणि तोंडात टाकलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. नाना ओसरीवर दुसरी भाकरी मोडत होते. आत्यानं फोन कानापासून लांब धरला, कारण त्या घराण्यात हळू बोलणं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"व्हय रे, बोलले. न्हाई, त्याला यायला सवड न्हाई. मलाबी न्हाई आता, ज्वारी निघूस्तोवर हितंच हाय मी. पाखरं लय माजलीत, एकट्याला आवरत न्हाईत." मग जरा थांबून ती म्हणाली, "अन् शिडीचं भ्या धरू नको. आता तो नुसता वरच बसतो. खालचं मी बगते."